जिरली!

मराठीत एक क्रियापद असं आहे, की त्याचा कर्ता कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. ‘त्याची चांगलीच जिरली.’ काय जिरली? मस्ती, रग, मिजास, घमेंड, ज्याच्याकडे जी असेल ती. मात्र ती हवी स्त्रीलिंगीच. ‘त्याचा जिरला’ म्हणा, समोरचा काळजीने विचारेल, ‘काय, वात?’

या शब्दाचं माहेर पोटात. अन्न जिरतं, नाही जिरलं तर अजीर्ण, त्यावर चावायचं ते जिरं. लहानपणी आई म्हणायची, ‘शतपावली घाल, जिरेल.’ बाबा आतून म्हणायचे, ‘थांब, मीच जिरवतो.’ दोघं एकच क्रियापद वापरत, पण मला आईचं जास्त आवडे.

आता मी तळोजा फेज दोनमध्ये राहतो. पूर्वी तळोजा म्हटलं की नातेवाईक आवाज खाली आणून विचारत, ‘आत कोण आहे?’ कारागृहाचा महिमा. मग १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली आणि माझ्या अंगात मिजास आली. त्या भरात सोसायटीच्या सभेत उभा राहिलो. आवारभर पेव्हर ब्लॉक, पावसाचं पाणी थेट गटारात, आणि उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे! फळ्यावर ठसठशीत लिहिलं: ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. चहा पिऊन परतलो तर दोन्हीकडचं ‘पाणी’ पुसलेलं. उरलं ते ‘अडवा, जिरवा’. सभा पुढे त्याच मार्गाने गेली. पार्किंगवाल्यांनी मला अडवलं, तळमजल्याने जिरवायला घेतली.

तरी शोषखड्डा मंजूर झाला. विटांचे तुकडे, खडी, वर वाळू, सगळं माझ्या देखरेखीखाली. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, खड्डा काठोकाठ भरला आणि तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यात बेडूक.

दूध टाकणारे पेंधरचे काका सायकल टेकवून बघत होते. म्हणाले, ‘इथं भाताची खाचरं होती. पाणी खाली जाऊ नये म्हणून आम्ही दर वर्षी चिखल तुडवायचो.’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या न जिरवण्याची तालीम घेतलेली जमीन, आणि तिला मी विटा, खडी, वाळू असे तीन थर घेऊन शिकवायला निघालेलो.

दुसऱ्या दिवशी पिशवी देताना काकांनी खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘काय, जिरली का?’

पाणी नपुंसकलिंगी आहे, हे काकांना नक्की ठाऊक होतं. मी दुधाची पिशवी घेतली आणि लिफ्टचं बटण दाबलं.