वरून प्रॉब्लेम आहे

नेट बंद पडलं की आपण ज्या पोराला फोन लावतो, त्याच्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "काका, डबा एकदा बंद करून चालू करा." ते करून झालं की दुसरं, "मग वरून प्रॉब्लेम आहे." यानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. वरून म्हटलं की मराठी माणूस मुकाट होतो. पाऊस वरून येतो, बदलीची ऑर्डर वरून येते, तिथे नेटचं काय घेऊन बसलात!

पण वर म्हणजे नेमकं कुठे?

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजर काकांना याबद्दल काडीची शंका नाही. वर म्हणजे सॅटेलाइट. हे सांगताना त्यांची तर्जनी थेट गच्चीच्या दिशेनं जाते. काका रोज रात्री अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओवर बोलतात, तेही उपग्रहामार्फतच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय. आता जुन्या पद्धतीचा उपग्रह असतो जवळजवळ 36,000 किलोमीटरवर. "जेवलास का रे?" हा प्रश्न तिथे चढून पलीकडे उतरणार आणि "हो आजोबा" हे उत्तर त्याच वाटेनं परत येणार, तर प्रकाशाच्या वेगानं धावूनही अर्धा सेकंद मोडतो. तेवढा वेळ काका कुणालाच बोलू देत नाहीत. अलीकडे कमी उंचीवरचे उपग्रह नेट पुरवू लागलेत हे खरं. तरीही एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी जवळजवळ सगळी माहिती समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलींतून जाते. खोल समुद्रात त्यांची जाडी बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढी. त्यातल्या कित्येक केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, वर्सोव्याला लागतात. म्हणजे काकांचा नातू आकाशातून नव्हे, बोंबलांच्या बाजूनं येतो. काका शुद्ध शाकाहारी असल्यामुळे मी ही माहिती त्यांच्यापासून दडवून ठेवली आहे.

तेव्हा 'वर' शोधायचं तर खालूनच सुरुवात करायला हवी.

सगळ्यात खाली आपला डबा. त्याच्या कानांतून निघणारं वायफाय म्हणजेच नेट, अशी घरोघरी समजूत आहे. वायफायचा पल्ला हॉल, बेडरूम आणि कृपा झाली तर स्वयंपाकघर एवढाच. फोनवर वायफायच्या सगळ्या कमानी झळकताहेत आणि नेटचा मात्र पत्ता नाही, असं होतं तेव्हा फोन खोटं बोलत नसतो. तो डब्यापर्यंत पोचलाय, पुढची बातमी त्याला नाही. आमच्या आईला हे पटत नाही. ती रात्री झोपताना गॅस, गिझर आणि डबा या क्रमानं सगळं बंद करते. "झोपेत कशाला लागतंय नेट?" हा तिचा प्रश्न कायदेशीरदृष्ट्या बिनतोड आहे.

डब्याच्या पाठीमागून निघते ती फायबर. खिडकीच्या फटीतून बाहेर, तिथून गच्चीवर, गच्चीवरून समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून आंब्याच्या फांदीवर. आत केसाएवढी काचेची तार आणि तिच्यातून पळणारा प्रकाश. एवढं नाजूक प्रकरण आपण कावळे, माकडं आणि महापालिकेचे फांद्या तोडणारे कर्मचारी यांच्या भरवशावर सोडून दिलंय, आणि तरीही वर्षातले बहुतेक दिवस ते चालतं. मला यापेक्षा मोठा चमत्कार ठाऊक नाही.

फायबर तुटली की तो पोरगा येतो. एका खांद्यावर शिडी, दुसऱ्या खांद्यावर पेटी. पेटीत जॉइंट मारायचं मशीन. सोसायटीच्या जिन्यात बसून तो आधी तारेचं कवच सोलतो. मोठ्या केबलमधून रंगीत धागे बाहेर येतात, निळा, केशरी, हिरवा, तपकिरी. "तुम्ही केशरीवर आहात," तो सांगतो, आणि त्या क्षणी आपल्याला उगीचच नवी ओळख मिळाल्यासारखं वाटतं. मग धाग्याचं टोक स्पिरिटनं पुसायचं, कटरनं काटकोनात कापायचं आणि मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं खांबाएवढी दिसतात, एकमेकांकडे सरकतात, बारीकशी ठिणगी पडते आणि काच काचेला वितळून चिकटते. पोरानं श्वास रोखलेला असतो. आपणही रोखतो. वरच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्यात विचारतात, "झालं का हो? माझी मालिका चाललीय." त्या काकूही याच केशरीवर असण्याची दाट शक्यता असते, कारण एका धाग्यातला प्रकाश स्प्लिटर लावून बत्तीस-चौसष्ट घरांत वाटून देण्याची रीत आहे. रात्री नऊनंतर नेट दमल्यासारखं का वागतं, याचं अर्धं उत्तर त्या चौसष्ट दिवाणखान्यांत मिळेल.

हा पोरगा ज्याच्याकडे कामाला आहे तो आपला केबलवाला. 1991च्या आखाती युद्धाच्या सुमारास परदेशी वाहिन्या आल्या तेव्हा यानं किंवा याच्या वडिलांनी गच्च्यांवरून काळ्या वायरी ओढल्या. पुढे त्याच शिडीवरून, त्याच गच्च्यांवरून नेट आलं. सरकारदरबारी नेट पुरवणाऱ्यांचे तीन वर्ग आहेत, अ, ब आणि क: देशभर, एका टेलिकॉम विभागापुरतं आणि साधारण एका जिल्ह्याएवढ्या भागापुरतं. केबलवाल्याकडे बहुधा यातलं काहीच नसतं. तो कुणातरी परवानाधारकाचा माणूस. तो परवानाधारक आणखी मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ घेतो, ती त्याहून मोठीकडून. महिन्याच्या बिलात आपण नेट विकत घेत नाही, पुढच्या माणसापर्यंत पोचवण्याची मजुरी देतो. प्रत्येकाला कुणीतरी 'वर' आहे. मात्र या वरच्यांचं एकमेकांशी पटलं नाही की गंमत होते. एकेकाळी एकाच शहरातल्या दोन कंपन्यांमध्ये थेट जोडणी नसेल, तर दादरहून माहीमला निघालेली मेल आधी परदेशी जायची आणि तिथून वळसा घेऊन माहीमला उतरायची. पासपोर्टसुद्धा नसलेल्या माणसांची पत्रं अमेरिका पाहून आली. अखेर 2003मध्ये 'निक्सी' नावाची संस्था निघाली. देशातल्या कंपन्यांनी देशातली ये-जा देशातच आपापसांत बदलून घ्यावी, हेच तिचं काम.

सुरुवात तर फारच गरिबीची होती. 15 ऑगस्ट 1995ला विदेश संचार निगमानं भारतात सर्वसामान्यांसाठी नेट खुलं केलं. फोनच्या वायरीवरून, सेकंदाला 9.6 किलोबिट. सकाळी सकाळी येणारं गुलाबाचं आणि सुविचाराचं दोनशे किलोबाइटचं चित्र त्या वेगानं उतरायला पावणेतीन मिनिटं लागली असती, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. सुविचार पाठवण्याचा उद्योग तेव्हा का फोफावला नाही, ते यावरून कळेल. खाजगी कंपन्यांना 1998च्या अखेरीस परवानगी मिळाली. 2004मध्ये सरकारनं सेकंदाला 256 किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड असं जाहीर केलं, 2013मध्ये ते 512 झालं आणि 2023मध्ये 2 मेगाबिट. शंभर मेगाबिटचा प्लॅन घेऊन कुरकुरणाऱ्यांनी सरकारच्या समाधानी वृत्तीकडून शिकावं. शंभर मेगाबिट म्हणजे शंभर मेगाबाइट नव्हेत, हेही जाता जाता. आठानं भागा, साडेबारा येतात. जाहिरातवाले भागाकार आपल्यावर सोडतात.

आता या सगळ्या वाटेवरून एखादा फोटो जातो कसा? अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात, एकेक जास्तीत जास्त दीड हजार बाइटचा. तीन मेगाबाइटच्या फोटोचे दोनेक हजार. साताऱ्याहून पुण्याच्या कार्यालयाकडे वऱ्हाड निघावं, तशी ही मंडळी निघतात. प्रत्येकाच्या खिशात कार्यालयाचा पत्ता आणि स्वतःचा नंबर. सगळ्यांनी एकाच गाडीनं जायचं बंधन नाही; कुणी एसटीनं, कुणी भाच्याच्या जीपनं. पोचण्याचा क्रमही मागेपुढे. कार्यालयाच्या दारात यादी घेऊन एक करडा माणूस उभा असतो, त्याचं नाव टीसीपी. तो सगळ्यांना नंबरानं बसवतो. 417 नंबरचे मामा दिसत नाहीत असं लक्षात आलं, तर त्यांना शोधायला कुणी जात नाही. साताऱ्याला निरोप जातो, "417 पुन्हा पाठवा," आणि तिथून नवेकोरे मामा निघतात. तीच टोपी, तोच खोकला. जुने मामा उशिरा धापा टाकत आलेच, तर "तुम्ही मघाशीच बसलात" म्हणून त्यांना दारातूनच घालवतात. वाटेत कुणी चकव्यात सापडून गोल गोल फिरू लागला, तर ठरावीक नाके ओलांडल्यावर त्याला तिथेच निकालात काढायची सोयही केलेली आहे. कठोर आहे, पण मानपानाचा प्रश्नच येत नाही. व्हिडिओ कॉलचा कारभार मात्र बहुतेक वेळा निराळा. तिथे मुहूर्त गाठायचा असतो. मामा राहिले तर राहिले, अंतरपाट धरा! काकांचा नातू बोलता बोलता तोंड वासून थिजतो किंवा त्याच्या वाक्यातलं क्रियापद गळतं, ते या राहिलेल्या मामांमुळे.

ही ने-आण म्हणजे इंटरनेट. वेब हे त्यावरून चालणारं एक काम, आणि तेही मागाहून आलेलं. ईमेल 1971पासून धावतेय; वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत 1989मध्ये मांडली. त्यांच्या वरिष्ठांनी त्या कागदावर 'धूसर, पण उत्साहवर्धक' अशा अर्थाचा शेरा मारला. आपल्याकडच्या कचेरीत निदान 'चर्चा करावी' असं लिहून फाइल परत आली असती. 1993मध्ये सर्ननं हे सगळं तंत्र जगाला फुकट देऊन टाकलं. वेबचा पहिला सर्व्हर असलेल्या त्या कॉम्प्युटरवर लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नये. आमच्या आईसारखं कुणीतरी सर्नमध्येही असणार, त्याशिवाय चिठ्ठी लागत नाही.

ने-आण शाबूत आणि दुकान बंद, असंही होतं. 4 ऑक्टोबर 2021च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सहाएक तास गायब होते. कंपनीच्याच एका चुकीच्या बदलामुळे तिच्याकडे जाणाऱ्या वाटा आणि पत्ता सांगणारी यंत्रणा नेटवरून दिसेनाशी झाली होती. बाकी नेट ठणठणीत. पण आमच्या जिन्यात त्या रात्री एकच हाकाटी होती, नेट गेलं. कितीतरी डबे बंद करून चालू झाले. केबलवाल्या पोराचा फोन बिचारा तापला असेल. त्या रात्री मात्र त्याचं उत्तर अक्षरशः खरं होतं.

आणि शेवटी सगळ्यांच्या वर कोण? मला वाटलं होतं, कुठेतरी एक हेड ऑफिस सापडेल, काचेची केबिन, आत मोठे साहेब. तसं काही नाही. नावं आणि नंबर नीट वाटले जावेत म्हणून संस्था आहेत, पण नेटचा मालक कुणीच नाही. हजारो लहानमोठी जाळी आपापसांत ठरलेल्या नियमांनी एकमेकांचा माल पुढे ढकलतात, एवढंच. समुद्रातली केबल तुटली तरी कुणी एक साहेब झोपेतून उठत नाही. 2008च्या जानेवारीअखेरीस इजिप्तजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातलं नेट रांगू लागलं. दोनच दिवसांनी दुबईच्या बाजूची एक तुटली, तिथे समुद्रतळाशी कुणीतरी टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर सापडला. तेवढ्या दिवसांत इथल्या पोरांनी "वरून प्रॉब्लेम आहे" किती वेळा म्हटलं असेल! प्रॉब्लेम होता समुद्राच्या बुडाशी.

हा सगळा पसारा सुरू कसा झाला तेही ऐका. 29 ऑक्टोबर 1969, कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी साडेपाचशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये 'लॉगिन' हा शब्द टाइप करत होता आणि पलीकडच्या माणसाशी त्याच वेळी साध्या टेलिफोनवर बोलत होता. एल आला का? आला. ओ आला का? आला. तिसऱ्या अक्षराला पलीकडचा कॉम्प्युटर बसला. नेट जन्मलं आणि दोन अक्षरांत गेलं. तासाभरानं पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं.

त्यामुळे पुढच्या वेळी नेट गेलं की आधी डब्यावरचे दिवे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, फायबर कुठेतरी तुटलीय; डबा कितीही वेळा बंद-चालू करा, फांदीवरची तार जुळणार नाही. दिवे हिरवे असून एकच दुकान उघडत नसेल, तर दोष दुकानाचा, डब्याला हात लावू नका. आणि तरीही कळेनासं झालं, तर त्या पोराला फोन करा. पहिल्या रिंगला उचलला, तर समजा बिघाड तुमच्या एकट्याचा आहे. उचललाच नाही, तर अख्खा एरिया बंद आहे.