गाव सांगा, पेठ लपवा

आमच्या भाच्यानं बुधवार पेठेत कॉफीचं दुकान काढलंय. 'दुकान' म्हटलेलं त्याला चालत नाही आणि 'हॉटेल' म्हटलं की तो त्या दिवशी जेवत नाही. ते 'स्पेशालिटी कॉफी बार' आहे. अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या गाळ्यात त्याच्या आजोबांनी चाळीस वर्षं वह्या आणि कंपासपेट्या विकल्या, तिथं आता एक इटालियन यंत्र बसलंय. त्याची किंमत ऐकून ताई म्हणाली, "एवढ्यात तुझं लग्न झालं असतं, मांडवासकट." भिंतींचा गिलावा खरवडून आतल्या विटा उघड्या केल्यात. त्या विटा झाकायला आजोबांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. त्या उघड्या करायला नातवानं काढलंय.

उद्घाटनाला गेलो.

"काय घेणार, मामा?"

"कॉफी."

"हो, पण कुठली?"

"गरम."

त्यानं काही न बोलता माझ्यापुढं एक पुडा ठेवला. लग्नाच्या टिपणात असते तेवढी माहिती त्या पुड्यावर होती. जिल्हा चिकमगळूर. मळ्याचं नाव. समुद्रसपाटीपासून उंची १,२५० मीटर. झाडाची जात. फळ सालीसकट वाळवलं की धुऊन, त्याचा खुलासा. भाजल्याची तारीख. फक्त रास, नाडी आणि मामेकुळ तेवढं राहिलं होतं. खाली चवीचा रकाना: जांभूळ, गूळ, संत्र्याची साल.

मग विधी सुरू झाला. सोनाराच्या काट्याच्या तोऱ्यात एका काट्यावर १५ ग्रॅम पूड मोजली. बगळ्याच्या मानेसारख्या तोटीच्या किटलीतून ९३ अंशांचं पाणी थोडंसं शिंपडलं आणि सगळे थांबले. पूड फुगते, तिला तीस सेकंद द्यायचे असतात. त्या तीस सेकंदांत कुणी बोलत नाही. आमच्याकडे एवढी शांतता फक्त श्राद्धाला पिंडाला कावळा शिवेपर्यंत असते. मग गोल गोल धार, एकूण अडीचशे मिलिलिटर. मी एक घोट घेतला.

"जरा आंबट आहे रे."

"ॲसिडिटी म्हणतात तिला, मामा. चांगली असते."

चाळीस वर्षं मी जिच्यावर आवळासुपारी खातोय, ती चांगली असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी साखर मागितली. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं लॅपटॉपवरून मान वर केली आणि हळहळून पुन्हा खाली घातली. घरी दुधात कॉफी उकळून तिच्यावर जायफळ किसतात, हे सांगायचं धाडस मग मला झालंच नाही.

भाच्यानं थोडा इतिहासही सांगितला. 'स्पेशालिटी कॉफी' हा शब्द अमेरिकेतल्या एर्ना क्नुट्सन नावाच्या बाईंनी १९७४ साली रूढ केला. ठराविक मातीत, ठराविक हवेत पिकलेल्या दाण्याला त्याची स्वतःची चव असते, तेव्हा दाणा कुठला ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. पुढं परीक्षकही आले. १०० पैकी ८० गुण पडले तर स्पेशालिटी, नाहीतर साधी. हा भाग मला लगेच कळला. आमच्याकडे दहावीच्या निकालालाही हाच नियम आहे.

दाणा कुठला ते सांगा! मला गहिवरून आलं. ज्या शहरात "मूळचे कुठले?" हा प्रश्न पाण्याच्या पेल्याआधी येतो, तिथं हा धंदा चालणारच. त्याच गहिवरात मी मोबाइलवर दुकानाचं पान उघडलं. पत्ता होता: 'ओल्ड पुणे, निअर दगडूशेठ'.

"अरे, यात बुधवार पेठ कुठाय?"

त्यानं आवाज खाली आणला. "ब्रँडिंगवाल्यानं काढायला सांगितलं. लोक हसतात, मामा."

म्हणजे दाण्याची सात पिढ्यांची वंशावळ पुड्यावर, आणि दुकानाची पेठ गुलदस्त्यात.

पण पोराला नावं का ठेवा? या पेयाच्या वाटचालीत लपवाछपवी पहिल्यापासून आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी कॉफीचे सात दाणे अरबस्तानातून लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, असं सांगतात. मुंबईत पेस्तनजी एदलजी दलाल यांनी कॉफी दळायचा धंदा काढला. त्यांचं लाडकं नाव पॉली. गिऱ्हाईक साहेब, म्हणून पॉलीचा 'पोलसन' झाला, कॉफीत चिकोरी मिसळली गेली आणि पुढं त्याच नावाचं लोणी एवढं खपलं की पोलसन लावणं ही कला झाली. खुद्द पुण्यात, ऑक्टोबर १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले यांच्यासह बरीच मंडळी गेली. चहा पुढं आला. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हाती धरला. गोपाळराव जोशींनी ती नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. कुठं बसून प्यालात, यावरून आमच्याकडे थेट शंकराचार्यांपर्यंत प्रकरण जातं. ब्रँडिंगवाला त्या मानानं सौम्यच म्हणायचा.

आणि लोक हसतात कशाला, हे काय मला ठाऊक नाही? पेठेच्या काही गल्ल्यांत ज्या बायका दारात उभ्या असतात, त्या तोंड झाकून उभ्या नसतात. तोंडाला रुमाल बांधून येतं ते गिऱ्हाईक. बाहेर जाऊन 'बुधवार पेठ' म्हटल्यावर खो खो हसणाराही बहुधा तोच. आता त्याच्या लाजेखातर आम्ही आमचा पत्ता बदलायचा.

मी खिशातलं पेन काढलं आणि पुड्याच्या मागच्या बाजूला भाच्याला नवं लेबल लिहून दिलं:

'उगम: बुधवार पेठ, पुणे, एकाच पेठेतला. उंची: ५६० मीटर. लागवड: १७०३, औरंगजेबाच्या काळात. प्रक्रिया: पेशवाईत नाव बदललेलं, १८७९च्या आगीत बुधवारवाडा भाजून निघालेला, भाजणी गडद. चव: सुरुवातीला दगडूशेठच्या रांगेतला हार आणि कापूर, मध्ये नव्या पुस्तकांचा डिंक, शेवटी तपकीर गल्लीतल्या सोल्डरिंगचा धूर. तुळशीबागेतली घासाघीस बराच वेळ जिभेवर रेंगाळते.'

भाच्यानं ते दोनदा वाचलं. "कॉपी भारी आहे, मामा. फक्त पहिली ओळ काढू या?"

मी निघालो. समोरच्या अमृततुल्यवाल्यानं पितळी पातेल्यातलं आलं-वेलदोड्याचं उकळतं आधण ढवळता ढवळता हात केला. त्याच्या पाटीवर घर नंबर, पेठ, फोन नंबर आणि 'आमची कोठेही शाखा नाही' हे सगळं लाल अक्षरांत आहे. त्याच्याकडे चहा कुठल्या मळ्यातला, हे कुणी विचारत नाही. तो स्वतः कुठला, हे सगळ्यांना माहीत असतं.

तेवढ्यात भाचा मागून धावत आला. मला वाटलं, पटलं बहुतेक.

"मामा, बिल राहिलं."

दोनशे ऐंशी रुपये, वर कर. एवढ्या महागाईचं बिल निदान वाचावं तरी म्हणून चष्मा लावला. सगळ्यात वर दुकानाचं इंग्रजी नाव, त्याखाली जीएसटी क्रमांक. आणि त्याच्याखाली, सरकारी नियमापुढं ब्रँडिंगवाल्याचं काही चालत नसल्यामुळं, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: बुधवार पेठ, पुणे ४११००२.

पैसे मी मुकाट्यानं दिले. ते बिल मात्र जपून ठेवलंय.