पेपरात आलंय!

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिलं, 'उद्या पाणि येणार नाही.' तासाभरात कुणीतरी थुंकी लावून 'णि'ची वेलांटी दुरुस्त केली. खाली बॉलपेनने प्रश्न, 'सकाळी की संध्याकाळी?' त्याखाली तिसऱ्याच अक्षरात, 'आधी मेंटेनन्स भरा.' अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ साली कुणालाही बदलता येईल असं पहिलं संकेतस्थळ काढलं आणि होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्याचं नाव ठेवलं. विकी म्हणजे तिकडच्या भाषेत झटपट. उगाच एवढ्या लांब गेला. आमचा फळा होता की!

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी. शब्द झकास आहेत तिथले. गप्पा मारायच्या त्या चावडीवर, सराव करायचा तो धूळपाटीवर, निमूट राबणारा प्रोग्रॅम तो सांगकाम्या आणि नासधूस केली की तो उत्पात. (पंढरपूरच्या उत्पातांनी मनाला लावून घेऊ नये.)

धूळपाटी पोरासोरांसाठी, असं समजून मी थेट आमच्या गावाच्या लेखात उतरलो. लेख चार ओळींचा, पण उल्लेखनीय व्यक्ती नऊ. आजी सरपंच, माजी सरपंच आणि सरपंचांचे मेहुणे, 'युवा नेतृत्व'. गावाला नदी आहे याची कुठे नोंद नव्हती. म्हटलं, नदी काय पळून जातेय? आधी महत्त्वाचं लिहू. लिहिलं, 'येथील भेळ जगप्रसिद्ध आहे.'

सहा मिनिटांत ओळ गायब. शेरा होता: 'जाहिरातवजा मजकूर. संदर्भ हवा.'

संदर्भ? भेळेला? आपल्याकडे वाद जिंकायला 'आमचे आजोबा सांगायचे' एवढं पुरतं. समोरचा फारच चिवट निघाला तर 'पेपरात आलं होतं.' कुठल्या, हे विचारायची पद्धत नाही. मी ओळ परत घातली. परत उडाली. इंग्रजी विकिपीडियावर म्हणे चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर तुम्हालाच बाहेर बसवतात. तरीही तिथे योगर्टच्या स्पेलिंगात एच हवा की नको यावर २०११ पर्यंत आठेक वर्षं जुंपलेली होती. दह्यावरून आठ वर्षं! सातासमुद्रापार आपलीच माणसं भेटल्यासारखं वाटलं.

मग 'इतिहास' उघडला. तिथे कुणी, काय, किती वाजता केलं याची बारीकसारीक नोंद. आमच्या तलाठ्यालाही जमणार नाही अशी. मेहुण्यांचं नाव रात्री दोनला चढलं होतं. पहाटे पाचला कुणीतरी त्यातलं 'युवा' काढलं. साडेपाचला ते परत आलं. म्हणजे अख्खं गाव जागं होतं, आणि नदी तशीच राहिली.

असो. तर आमच्या गावची भेळ जगप्रसिद्ध आहे. हे वाक्य आज या सदरात छापून येतंय. दुपारी मी पुन्हा विकिपीडियावर जाणार आहे. संदर्भ हवा होता ना? घ्या. पेपरात आलंय.