गुंड मुका, गल्ली बोलकी

आमच्या नेट कॅफेत ‘व्हाइस सिटी’ ही व्हिडिओ गेम आली तेव्हा तिचा नायक टॉमी व्हर्सेटी मुका होता. स्पीकर घ्यायला मालक तयार नव्हता. “आवाज ऐकायचा असंल तर घरी जा, बाप वाट बघायलाय,” म्हणायचा.

२००२ सालच्या त्या खेळात टॉमीला आवाज दिला होता रे लिओटाने, ‘गुडफेलाज’मधला तोच. एवढ्या मोठ्या नटाने घसा ताणून दिलेला दम किनवटला मालकाच्या काटकसरीपायी वायरीतच अडकला. मग डबिंग आम्हीच हाती घेतलं. खुर्चीवर बसून खेळणारा एक, पैसेही त्याचेच. मागे उभ्या राहिलेल्यांनी फक्त तोंड चालवायचं.

किनवटला एक वेळ वीज कमी पडेल, भाषा नाही. एका अंगाला विदर्भ, दुसऱ्या अंगाला आदिलाबाद. टॉमी अर्थातच मराठवाडी बोलायचा: “उतर की बे खाली, गाडी काय तुझ्या बापाची हाय?” गाडी बहुधा त्याच्या बापाचीच असायची. पोलीस तेलुगूत ओरडायचे, रस्त्यावरची माणसं दखनीत कळवळायची, “अरे मियाँ, देखके चलाओ ना!” आणि तांड्यावरचा दोस्त सगळ्यांच्या वतीने गोरमाटीत शिव्या घालायचा. त्या कुणाला कळत नसत, पण लागत. पोलीस फारच मागे लागले की ज्याला इंग्रजीत स्वतःच्या गावाचं स्पेलिंग जमत नसे, तोच डोळे मिटून ‘लीव्हमीअलोन’ हा चीट कोड टाइप करी आणि पोलीस मुकाट माघारी फिरत.

एकदा बाबाच कॅफेत येऊन मागे उभे राहिले. बाबा एसटीत कंडक्टर. नेमकी त्याच वेळी टॉमीने ड्रायव्हरला खाली ओढून बस पळवली होती. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी मान खाली घातली. बाबा मात्र पडद्याकडेच बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “डबल बेल कुणी दिली?”

लिओटा निदान नामवंत तरी होता. ह्याच खेळमालिकेच्या २००८च्या चौथ्या भागातल्या निको बेलिकला आवाज देणाऱ्या मायकेल हॉलिकला एकूण मिळाले लाखभर डॉलर. त्या खेळाची पहिल्याच आठवड्यातली विक्री होती ५० कोटी डॉलर, आणि त्यातली दमडीही त्याच्या वाट्याला यायची नव्हती. पडद्यावर अख्खं शहर लुटणारा माणूस पडद्यामागे असा लुटला गेला. त्यापेक्षा २००१च्या तिसऱ्या भागातला क्लॉड शहाणा. अख्ख्या खेळात चकार शब्द काढत नाही. पोलिसांना जबाब नाही आणि नटाला मानधन नाही.

२०२१ साली ‘पुष्पा’ आला. रक्तचंदनाच्या तस्कराला हिंदीत आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा, आणि देशभर त्याचं कौतुक. आमच्या पोलिसाचा आवाज, म्हणजे तो तेलुगूवाला दोस्त, भलताच दुखावला. “हे काम आपण फुकटात करायलो होतो की बे!” म्हणाला. मी त्याला समजावलं: चंदनावर सिनेमा निघाला, उद्या सागवानावर निघेल, सागवान किनवटचंच, आणि चार भाषांतले आवाजही इथेच तयार. फक्त ह्या खेपेला तोंड उघडायच्या आधी पैशाचं बोलायचं. पैसे म्हणताच त्याने आवाज खाली आणला आणि विचारलं, “शिव्यांचे वेगळे मिळतील का?”