आधी कॅपॅसिटर बघा!

एसी बंद पडला की मेकॅनिकला फोन करावा लागतो. आमच्या गावच्या मामांना नाही, ते येतातच. फुलसावंगीत एसीवाली घरं अजून मोजकी, त्यामुळे कोणाचा कॉम्प्रेसर घरघरतोय हे घरमालकाच्या आधी मामांना कळतं. ऐन नवतपात आमच्या दीड टनी एसीनं मान टाकली, तर उंबऱ्याबाहेर चप्पल काढता काढताच मामांचा निकाल आला, "गुरुजी, आधी कॅपॅसिटर बघा."

हे वाक्य एसीपुरतं असतं तर सोसलं असतं. पण मोटार पाणी उचलत नाही? कॅपॅसिटर. ग्रामसभेला कोरम होत नाही? "सुरुवातीचा धक्का देणारा माणूस नाही, कॅपॅसिटर गेलाय." माझ्या वर्गातलं एक पोरगं गणितात बसलं, तेव्हा मामा शाळेत येऊन सांगून गेले, "मोटार चांगली हाये त्याची, कॅपॅसिटर वीक हाये." पुतण्याची सोयरीक फिसकटायला आली, तेव्हा त्यांनी मध्यस्थच बदलायला लावला. सोयरीक जुळली आणि आमचं नशीब फुटलं. तेव्हापासून मामांना आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही.

चीड याची येते की हा माणूस पुष्कळदा बरोबर निघतो. उन्हाळ्याच्या तापानं कॅपॅसिटर फुगतो, बाहेरच्या युनिटचा पंखा फिरत राहतो आणि कॉम्प्रेसर नुसता हुं हुं करतो. घाईतला मेकॅनिक "कॉम्प्रेसर गेला" म्हणून हजारोंचा आकडा सांगतो. मामा काही शे रुपयांत घर गार करून देतात. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. मेन बंद करतात, प्लास्टिकच्या मुठीचा पेचकस आडवा लावून टोकांतला उरलेला करंट आधी उतरवतात, मग मीटर. डब्यावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं, मीटर ३१ दाखवतो आणि मामा आपल्याकडे असे बघतात की बिघाड आपल्यातच असावा.

आमच्या मीटरनं मात्र बरोबर ४५ दाखवले. मामांचा चेहरा पडला. गॅसची गळती कॉइलमध्ये होती. तीही एका जागी नाही. उमरखेडहून आलेल्या पोरानं साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखवले. गॅस जुना आर-२२, ज्याला ओझोनपायी जगभर निरोप दिला जातोय. झाळकाम, व्हॅक्यूम, नवा गॅस धरून खर्च नव्याच्या निम्म्यावर जाई, आणि पुढच्या वर्षी कॉइल दुसरीकडून गळणार नाही याची हमी कोणीच देईना. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हापासून घरच्या अर्थखात्याचा कौल नव्याकडेच होता. मामा एकटेच अडून बसले. "कॉम्प्रेसर जिवंत हाये गुरुजी. जित्या माणसाला भंगारात घालता काय?"

घातलं. नवा इन्व्हर्टर एसी बसवायला पोरगं आलं, तेव्हा मामा स्टूल घेऊन शेजारीच.

"यात कॅपॅसिटर कुठी हाये रे बापू?"

"तसला डब्बा नसतो मामा यात. बोर्डावर बारीक बारीक असतात, ते आपण बदलत नाही. बिघडला तर अख्खा बोर्डच टाकायचा."

मामांनी बोर्डाची किंमत विचारली आणि ती ऐकून स्टुलावरून उठले.

मला तेव्हा त्यांची, कबूल करायला जड जातंय, जरा दया आली. त्यांची उमर कूलरमध्ये गेली. पत्रा वाकवून घडवलेला सांगाडा, दर साली नवी घास, अडला की एका थपडेत चालणारा टिल्लू पंप. एका पेचकसात सगळं उघडायचं. याच गावात कपाटं आणि कूलर बनवणाऱ्या शेख इस्माईलनं स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बांधलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेताना पातं लागून तो गेला. बाहेरगावचा कोणी चहाच्या टपरीवर तो विषय काढून नेमकं काय चुकलं याची चर्चा करू लागला की मामा एकदाही कॅपॅसिटरचं नाव घेत नाहीत. "पोट्टं हुशार होतं," एवढंच म्हणतात आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देतात. एरवी मामा कोणाच्या चहाचे पैसे देत नाहीत.

जुन्या एसीचे दुकानदारानं किरकोळ पैसे लावले. तो टेम्पोत चढायच्या आत मामांनी झाकण उघडून कॅपॅसिटर काढला, माझ्याकडून मार्कर घेऊन त्यावर 'चालू' लिहिलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"आता याचं काय करणार मामा?"

"राहू द्या. कोणाच्या सोयरिकीत लागंल."