पूर्णतः सहमत

बी.एड.च्या वर्गात ‘नवे तंत्रज्ञान वापरण्याची तयारी’ मोजणारी प्रश्नावली आली, की निकाल छापायला द्यायला हरकत नाही. रकाने पाच असतात, पण ‘पूर्णतः सहमत’ सोडून बाकीचे चार शोभेचे. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांनीच प्रश्नावली वाटल्यावर असहमत कोण होणार? एका छात्राध्यापकाने तर वयाच्या चौकटीतही बरोबरची खूण केली.

बारामती-इंदापूरच्या शाळांत सराव पाठ बघायला मी मागच्या बाकावर बसतो. तिथून ही सहमती जरा वेगळी दिसते. पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने : प्रोजेक्टर, लॅपटॉप, दीक्षा अ‍ॅप’ आणि शेवटी अंग चोरून ‘खडू, फळा’. वेळेला धावून येतात ते हे शेवटचे दोघेच. वीज असली तर केबल नसते. दोन्ही असले, तर खिडक्यांना पडदे नसतात आणि भर उन्हात भिंतीवर ज्वालामुखी दिसतच नाही. पुढच्या बाकावरून धीर येतो, “सर, मागच्या मॅडमचंबी हितंच अडकलं हुतं.”

याच बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसाला पाणी कधी द्यायचे, हे कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते. भीमेपलीकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० साली दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. हे सगळे आमच्या छात्राध्यापकांना तोंडपाठ आहे. अडते ते एक्स्टेन्शन बोर्डापाशी.

इंदापूरकडच्या एका शाळेत मात्र एका छात्राध्यापिकेने सूर्यग्रहण शिकवले. व्हिडिओ आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला. एक गट मोबाइलभोवती, बाकीचे वहीत आकृती काढताहेत, मग अदलाबदल. मध्येच वीज गेली, ते पंखा थांबल्यावरच कळले.

तिची प्रश्नावली मुद्दाम काढून बघितली. ‘तंत्रज्ञानामुळे अध्यापन सोपे होते’ यापुढे ‘असहमत’! मी कारण विचारले.

“सर, मी वापरून बघितलंय ना.”

संशोधन करणाऱ्या सरांनी तिचा कागद अपवाद म्हणून बाजूला ठेवला. छात्राध्यापकांची तयारी उच्च असल्याचा निष्कर्ष त्यामुळे बिनविरोध निघाला.