रोजनिशीची पूर्वतयारी

रोजनिशी लिहायला वही आणि पेन पुरतं, हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी मुक्तस्रोत जगात सोयींची ददात नाही. ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर घ्या आणि त्यावर टिपणं ठेवायचा ऑर्ग-मोड चढवा. तो कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केला. डॉमिनिक यांना टिपणं ठेवायची होती, म्हणून त्यांनी साधन घडवलं. ऑर्ग-मोडच्या भक्तांना साधन घडवायचं असतं, म्हणून ते टिपणांचं निमित्त काढतात. मग फाँट, रंगसंगती, कीबोर्डचे शॉर्टकट, बॅकअपची स्क्रिप्ट. नमनालाच घडाभर तेल जातं आणि अखेर रोजनिशीत पहिली नोंद पडते: ‘चाचणी’.

यावर भक्तांचं उत्तर तयार असतं: कंपन्यांच्या आयत्या ॲप्सचा काय भरवसा? मुद्दा रास्त आहे. गूगलने २०१३ मध्ये रीडर ही ब्लॉग-बातम्या वाचायची सेवा बंद केली, तेव्हा वापरणारे हात चोळत बसले. साधी टेक्स्ट फाइल मात्र कुठल्याही संगणकावर उघडते आणि ती आपल्या मालकीची असते. पण हा युक्तिवाद टेक्स्ट फाइलच्या बाजूचा झाला, हजार ओळींच्या कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलच्या, नव्हे. या खटाटोपातून शिकायला मिळतं म्हणाल, तर तेही कबूल. फक्त त्याला शिकणं म्हणा, रोजनिशी नको. तरी एका बाबतीत या मंडळींना न्याय द्यायलाच हवा. ती आपलं कॉन्फिग गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत ठेवतात आणि तिथे प्रत्येक बदल तारीखवेळेसह नोंदला जातो: रात्री १.४०, ‘रंग बदलला’, २.१५, ‘जुना रंग परत’. इतकी प्रामाणिक रोजनिशी वहीत कोण लिहितं?